सामाजिक शास्त्र संशोधन परिषदांचे प्रादेशिक सहकार्य (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भासह)

देशोदेशीच्या सामाजिक शास्त्र संशोधन परिषदांनी अभ्यासविषय, माहिती व अभ्यासक यांच्या देवाणघेवाणीसाठी आपापल्या खंडात उभी केलेली व्यवस्था. लॅटिन अमेरिकेतील क्लाक्सो (१९६७) हा संशोधन केंद्रांचा संघ आहे. आशियाई परिषदांच्या संघात मात्र राष्ट्रीय पातळीवरील संस्था सभासद असतात.

आशियाई संघाचा आरंभ सामान्यतः १९७३ च्या शिमला परिषदेपासून धरतात. संघाला रीतसर रूप त्यानंतरच्या बैठकांतून येत गेले. त्यामुळे १९७३ हे स्थापनेपेक्षा संकल्पाचे वर्ष मानणे अधिक योग्य. या परिषदेमागे युनेस्कोचा पुढाकार होता, पण सारे श्रेय युनेस्कोला देता येत नाही. फिलिपीन्सची परिषद १९६८ ची, तर व्ही. के. आर. व्ही. राव समितीच्या शिफारशींतून आलेली भारतीय परिषद १९६९ ची. नव्याने उभ्या राहिलेल्या या परिषदांनाच एकमेकींची गरज होती. भारतीय परिषदेचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक.

नाईकांचे (१९०७–१९८१) जन्मगाव आजरा तालुक्यातील बहिरेवाडी. शिक्षण व अध्यापन धारवाडला, ग्रामकार्य उप्पिन बेटगेरीत आणि पुढे गारगोटीत. आज सीमेच्या अल्याड-पल्याड पडलेला हा मुलूख त्यांची एकच कर्मभूमी होता, हे येथे आवर्जून नोंदवायला हवे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव तत्कालीन म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेले. भारतीय परिषदेची विभागीय केंद्रेही राज्यांच्या हद्दीच धरून आखलेली आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातील चंदगडच्या अभ्यासकाचे केंद्र मुंबईत कलिना येथे, नाईकांचेच नाव असलेल्या भवनात, तर कर्नाटकातील खानापूरच्या अभ्यासकाचे हैदराबादला.

हद्दीची अडचण कागदपत्रांत अधिक जाणवते. जमीनधारणेचा तौलनिक अभ्यास करायचा तर चंदगडचा सातबारा मराठीत, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. खानापूरचा उतारा कानडीत, क्षेत्र एकर-गुंठ्यांत. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आणि आर म्हणजे १००, म्हणून बारीक आकडे जवळजवळ जुळतात. परंतु एकराचे गुंठे ४० आणि हेक्टरचे आर १००. घाईने केलेल्या तक्त्यात चूक शिरते ती इथे. उतारा वाचायला कानडी जाणणारा आणि घरात बसून बोलायला मराठी जाणणारा, असे दोघे पथकात लागतात.

भाषिक लोकसंख्येचा प्रश्न याहून नाजूक आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि मराठी भाषकांची बहुसंख्या या आधारांवर बेळगाव सीमाभागावरील महाराष्ट्राचा दावा उभा आहे. या सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ चा. वादाचा भाग झालेली आकडेवारी दोन्हीकडच्या अभ्यासकांनी एकत्र बसून तपासावी, हे संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे काम आहे.

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (१९६२), धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ (१९४९) आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ (२०१०) या कामाला जवळची ठरतात. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, ऊस आणि रोजगारासाठीचे स्थलांतर हे विषय तर एका राज्यापुरते अभ्यासताच येत नाहीत.