दाईचं दूध आणि स्पेन्सरचं घराणं

सोळाव्या शतकातले इंग्रज वैद्य गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या शिकवणीवर चालत. अन्नाचं यकृतात रक्त होतं आणि तेच रक्त स्तनांत पांढरं होऊन दूध बनतं, असं ते मानत. म्हणजे बाळाला पाजणारी दाई त्याला आपलं रक्तच देत असे. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरची कविता वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

स्पेन्सर १५८० मध्ये तिथला इंग्रज कारभारी लॉर्ड ग्रे याचा चिटणीस म्हणून आयर्लंडला गेला. बाराव्या शतकापासून तिथे वसलेली इंग्रज घराणी तोवर आयरिश बोलू लागली होती, आयरिश घरांशी सोयरीक करत होती. १३६६ च्या किल्केनीच्या कायद्यांनी अशी लग्नं आणि मुलं आयरिश घरांत वाढवायला देणं, दोन्हींवर बंदी घातली होती, पण ती फारशी कुणी पाळली नाही. १५९६ च्या सुमारास आयर्लंडवर लिहिलेल्या संवादात स्पेन्सर म्हणतो की दाईच्या दुधाबरोबर मूल तिची भाषा आणि स्वभावही घेतं, आणि त्यामुळेच जुने इंग्रज बिघडले.

त्याच वर्षी त्याच्या ‘द फेअरी क्वीन’ या दीर्घकाव्याचा उत्तरार्ध छापला गेला. तिथे रक्त बिघडतच नाही! रानात वाढलेला, बोलताही न येणारा माणूस संकटातल्या स्त्रीशी अदबीने वागतो, तेव्हा कवी त्याला बेधडक कुलीन ठरवतो. धनगरांत वाढलेली पॅस्टोरेला छातीवरच्या जन्मखुणेमुळे सरदारकन्या निघते.

हा कवीचा विसराळूपणा आहे असं मला वाटत नाही. केंब्रिजमध्ये गरीब विद्यार्थी म्हणून शिकलेला स्पेन्सर ऑल्थॉर्पच्या श्रीमंत स्पेन्सरांशी नातं सांगे. त्याला न बाटणारं रक्त हवंच होतं. आयर्लंडमधल्या कॉर्कमधली किलकोलमनची त्याची जहागीर मात्र डेझमंडच्या अर्लच्या बंडानंतर जप्त झालेल्या मुलखातली, आणि डेझमंड हे जुनं इंग्रज घराणं. त्यांचं रक्त बाटलेलं ठरलं, तरच नव्यांचा हक्क शोभून दिसणार होता.

कातडीचा रंगही याच सुमारास रक्ताशी जोडला जात होता. इंग्लंडमध्येच काळ्या बापाला आणि इंग्रज आईला झालेलं मूल काळं निघालं, तेव्हा हे ऊन्हामुळे नाही, रक्तातल्या दोषामुळे आहे, असं जॉर्ज बेस्ट या इंग्रज प्रवाशाने १५७८ मध्ये लिहिलं. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पोर्शियाला मागणी घालायला आलेला मोरोक्कोचा सावळा राजपुत्र म्हणूनच म्हणतो, उत्तरेकडचा सर्वांत गोरा माणूस आणा, आम्हा दोघांना चीर द्या आणि कुणाचं रक्त जास्त लाल ते बघा. तीन पेट्यांतली योग्य पेटी निवडेल त्यालाच पोर्शिया मिळणार असते; तो निवड चुकून निघून गेल्यावर पोर्शिया म्हणते, त्याच्या रंगाच्या सगळ्यांनी असंच निवडावं.