फँटसी कादंबरी: इंग्लंडच्या प्राथमिक वर्गापर्यंतचा प्रवास

इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत फँटसी कादंबरी घेऊन शिकवणं आज नवलाचं नाही. पण ती वर्गात आली बरीच उशिरा, आणि आल्यावरही एक तंटा मिटला नाही: ती गोष्ट म्हणून सलग वाचायची, की भाषेच्या तासापुरते तिचे तुकडे पाडायचे?

१८६२ च्या ‘रिवाइज्ड कोड’ या सरकारी नियमावलीने शाळांचं सरकारी अनुदान तपासनीसाच्या परीक्षेला बांधलं. मूल वाचनात नापास झालं की पैसे कापले जात. मग काय, वाचनमाला घोकून घेणं आलंच. तीनच वर्षांनी, १८६५ मध्ये, लुइस कॅरल यांची ‘ॲलिस’ आली. त्यातली ॲलिस उद्योगी मधमाशीची पाठ केलेली कविता म्हणायला जाते आणि तोंडातून मधमाशीऐवजी मगर बाहेर पडते. घोकंपट्टीची याहून झकास टर क्वचितच कुणी उडवली असेल. मात्र पुस्तकाची किंमत होती साडेसात शिलिंग. गरिबांच्या पोरांनी ते कुठून घ्यावं?

खरा फरक पाडला स्वस्त पुस्तकांनी. १९४१ मध्ये पेंग्विन प्रकाशनाने मुलांसाठी कागदी बांधणीची ‘पफिन स्टोरी बुक्स’ सुरू केली. पुढे १९६७ च्या, प्राथमिक शिक्षणावरच्या प्लाउडेन अहवालाने शिक्षणाच्या केंद्रस्थानी मूल ठेवलं. लगेच दुसऱ्या वर्षी कवी टेड ह्यूज यांचं ‘द आयर्न मॅन’ आलं. उपशीर्षकात ‘पाच रात्रींची गोष्ट’ म्हटलंय, पण पाच प्रकरणं म्हणजे सोमवार ते शुक्रवार, जणू शाळेचं वेळापत्रक बघूनच बेतलेली! सुरुवातीलाच लोखंडी माणूस कड्यावरून कोसळतो, त्याचे सुटे भाग किनाऱ्यावर विखुरतात. मग एक हात वाळूत चाचपडत डोळा शोधतो आणि स्वतःची जुळणी सुरू करतो. असं ऐकल्यावर ‘पुढे काय?’ विचारायला मुलांना शिकवावं लागत नाही.

१९९८ मध्ये सरकारने ‘लिटरसी अवर’ आणला. रोज एक तास, त्याची मिनिटंही वाटून दिलेली: पंधरा मिनिटं सगळ्या वर्गाचं वाचन, पंधरा शब्द आणि वाक्यांचं काम, वीस गटकाम, शेवटची दहा उजळणी. सक्ती नव्हती, पण बहुतेक शाळांनी तो स्वीकारला. एवढ्या वेळात कादंबरी मावणार कशी? उतारे आले, उताऱ्यांतली विशेषणं शोधणं आलं. दैवदुर्विलास असा की, वर्षभरापूर्वीच पहिला हॅरी पॉटर आला होता, आणि पुढे मुलं जाडजूड पुस्तकं घरी आपणहून फस्त करू लागली. २००३ मध्ये फिलिप पुलमन, ॲन फाइन यांच्यासह पाच बालसाहित्यिकांनी या उतारेशाहीविरुद्ध एक पुस्तिकाच काढली.

२०१४ पासूनच्या अभ्यासक्रमात, मोठ्या प्राथमिक वर्गांनाही शिक्षकांनी अख्खी पुस्तकं वाचून दाखवावीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सहावीच्या वाचन चाचणीत मात्र तीन मजकुरांची एक पुस्तिका आणि वाचन व उत्तरं लिहिणं मिळून एक तास मिळतो.