ड्राय स्टाउट : आस्वाद व परीक्षण

मूळची आयर्लंडमधील, गडद तपकिरी ते काळ्या रंगाची आणि गोडवा जवळजवळ उरणार नाही इतके किण्वन झालेली एल वर्गातील (तुलनेने उबदार तापमानात आंबवलेली) बिअर. मद्यार्काचे प्रमाण बहुधा ४ ते ४.५ टक्के. रंगावरून ती जड व मादक असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ती अनेक फिकट बिअरांपेक्षा सौम्य असते. डब्लिनची गिनेस आणि कॉर्क शहरातील मर्फीज व बीमिश ही या प्रकाराची प्रमाण उदाहरणे मानली जातात. भाजलेल्या धान्याचा कॉफीसारखा कडवटपणा, किंचित आंबट झाक व घोट गिळल्यावर जिभेवर राहणारा कोरडेपणा ही तिची लक्षणे.

स्टाउट ही पोर्टर या लंडनच्या बिअरची शाखा. राल्फ हारवुड याने १७२२ मध्ये पोर्टर शोधून काढली, ही कथा प्रथम १८०२ च्या सुमारास छापली गेली. घटना व नोंद यांत ८० वर्षांचे अंतर असल्याने अलीकडचे अभ्यासक ती ग्राह्य धरत नाहीत. लंडनच्या तपकिरी बिअरमध्ये हळूहळू बदल होत पोर्टर घडली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पोर्टरपैकी कडक ती ‘स्टाउट पोर्टर’. गिनेस कारखान्याचा संस्थापक आर्थर गिनेस याने डब्लिनमधील सेंट जेम्सेस गेट येथील जागा १७५९ मध्ये वर्षाला ४५ पौंड भाड्याने ९,००० वर्षांच्या कराराने घेतली. तेथे साधी एल बंद होऊन केवळ पोर्टर होऊ लागली ती मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये दुग्धशर्करा घातलेली गोड स्टाउट आली आणि आयर्लंडच्या स्टाउटला ‘ड्राय’ म्हणजे कोरडी, गोडवा नसलेली, हे विशेषण लावण्याची गरज पडली.

परीक्षक ज्याला या बिअरचा प्राण म्हणतात तो भाजक्या सातूचा म्हणजे बार्लीचा स्वाद केव्हापासूनचा, हा वादाचा विषय आहे. जुनी पोर्टर धुरावर वाळवलेल्या तपकिरी मॉल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात द्रवात उतरलेली साखर मोजणारे घनतामापक वापरात आले, तेव्हा फिकट मॉल्टमधून अधिक साखर निघते हे उत्पादकांना कळले. त्यांनी मॉल्ट बदलले, पण त्याबरोबर रंगही गेला. तो भरून काढण्यासाठी जळकी साखर घालण्याची पद्धत पडली व ती १८१६ मध्ये कायद्याने बंद झाली. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनिएल व्हीलर याने फिरत्या पिंपात मॉल्ट काळे होईपर्यंत भाजण्याच्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. थोड्याशा काळ्या मॉल्टने सगळा घाणा रंगू लागला, आणि आजची काळी स्टाउट खऱ्या अर्थाने शक्य झाली.

हे काळे मॉल्ट मोड आणलेल्या सातूचे होते. आज वापरतात तो सातू मोड न आणता भाजलेला असतो. मॉल्टवरील कर चुकवण्यासाठी संस्थापकाच्या त्याच नावाच्या मुलाने, दुसऱ्या आर्थर गिनेसने, मोड न आणलेला सातू वापरायला सुरुवात केली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु १८८० मध्ये मॉल्टकर रद्द होईपर्यंत अशा धान्याचा वापर बेकायदा होता आणि अबकारी अधिकारी दारूभट्टीत कायम हजर असत. त्यामुळे ही कथा टिकत नाही. गिनेसमध्ये भाजका सातू नियमितपणे आला तो बहुधा १९३० च्या सुमारास. बिअरला अंग व फेसाला टिकाऊपणा देणारे सातूचे पोहे त्याहून नंतरचे. ‘पारंपरिक चव’ म्हणून ज्याला गुण दिले जातात, ती या हिशेबाने शंभर वर्षांचीही नसावी.

डब्लिनच्या कठीण (क्षारयुक्त) पाण्यामुळे तेथे काळी बिअर जन्मली, हेही असेच सरसकट सांगितले जाते. भाजलेल्या धान्याची आम्लता पाण्यातील बायकार्बोनेटांना तोलते, हे रसायन खरे. पण गिनेस विकलो पर्वतातील मृदू पाणी वापरते. आंबट झाकेसाठी थोडी आंबवलेली जुनी बिअर मिसळतात, या समजाबाबतही सावध असावे. ती झाक भाजक्या सातूतूनही येऊ शकते.

दाट, साईसारखा फेस तर आणखी अलीकडचा. गिनेसमधील गणितज्ञ मायकेल ॲश यांच्या प्रयत्नांतून १९५९ मध्ये नायट्रोजनमिश्रित ड्राफ्ट (नळावरची) स्टाउट आली. मिश्रणात साधारण तीन भाग नायट्रोजन व एक भाग कार्बन डाय-ऑक्साइड असतो. नायट्रोजन द्रवात फारच कमी विरघळतो. बुडबुडे बारीक राहतात, फेस टिकतो आणि जिभेला कार्बॉनिक आम्लाची चुणचुण जाणवत नाही. डब्यातील बिअरला असाच फेस आणणारे विजेट (डब्यात ठेवलेली नायट्रोजनची छोटी पोकळ कुपी) १९८८ मध्ये बाजारात आले. ओतल्यावर पेल्याच्या कडेने बुडबुडे खाली जाताना दिसतात, तो दृष्टिभ्रम नव्हे. पेला वरच्या बाजूला रुंद होत जातो. वर जाणारे बुडबुडे तिरक्या भिंतीपासून दूर होतात, तेथील द्रव तुलनेने जड होऊन खाली सरकतो व बारीक बुडबुड्यांना ओढून नेतो. लिमरिक विद्यापीठातील गणितज्ञांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिले.

घरी बनवलेल्या बिअरच्या स्पर्धांमध्ये प्रामुख्याने अमेरिकेतील बीजेसीपी या परीक्षक-प्रमाणन संस्थेची (स्थापना १९८५) गुणपत्रिका चालते. एकूण ५० गुणांपैकी गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ व एकूण प्रभावाला १० गुण असतात. पबमधील गिऱ्हाईक ज्या फेसावरून पेला परत करते, त्याच्या वाट्याला परीक्षकाच्या कागदावर रूपाच्या तीन गुणांतला एखादाच येतो. संस्थेच्या मार्गदर्शिकेत या प्रकारासाठी पाण्याच्या तुलनेत मूळ (किण्वनापूर्वीची) घनता १.०३६ ते १.०४४, अंतिम (किण्वनानंतरची) घनता १.००७ ते १.०११ व कडवटपणा २५ ते ४५ एकक असा पट्टा दिला आहे.

पेला पुढे येताच प्रथम गंध घ्यावा, कारण उडून जाणारे गंध मिनिटा-दोन मिनिटांत विरतात. मग पेला उजेडासमोर तिरपा धरावा. काळ्या वाटणाऱ्या द्रवाच्या पातळ कडेला माणकासारखी लाल छटा दिसते. घोट संपूर्ण जिभेवर फिरवून गिळावा. बिअर थुंकून टाकण्याची रीत नाही, कारण कडवटपणाचा शेवट गिळल्यावरच कळतो. फार थंड पेल्यात भाजका गंध दबतो, म्हणून तो हातात धरून थोडा ऊबदार होऊ द्यावा व पुन्हा चाखावा. चांगल्या नमुन्यात भाजल्याचा आणि हॉप या वेलीच्या फुलांचा कडवटपणा वेगवेगळे काढता येत नाहीत. राखेसारखी, घशाला ओरखडणारी चव हा दोष. शेवटी रेंगाळणारा गोडवा हाही दोषच, कारण मग ती ड्राय राहत नाही. डायअसिटिल या किण्वनात तयार होणाऱ्या संयुगाचा लोण्यासारखा वास अत्यल्प असला तर काही परीक्षक खपवून घेतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास जुनेपणाचा. उकडलेल्या मक्याचा वास या प्रकारात क्वचितच जाणवतो. भाजकेपणा तो झाकून टाकतो.

गुणांकनापेक्षा काटेकोर पद्धत त्रिकोण-चाचणीची. तीन पेल्यांपैकी दोन सारखे असतात, वेगळा ओळखायचा असतो. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून १२ जणांपैकी निदान ८ जणांनी बरोबर सांगितले तरच फरक खरा मानतात. थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येते, या प्रश्नाचे मूलभूत गणितही स्टाउटच्या कारखान्यातलेच : गिनेसमधील विल्यम सीली गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ते प्रसिद्ध केले.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात गोऱ्या सैनिकांसाठी पोर्टर हिंदुस्थानात येत असे. महाराष्ट्रात पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवणारे छोटे कारखाने) सुरू झाल्यावर नळावरची स्टाउट मिळू लागली.