मसूर सांगितला आणि मसूर डाळ आली: सॅलडला नेमकं काय घ्यायचं

झालं असं की मागच्या उन्हाळ्यात मी ठरवलं, डब्यात रोज पोळी-भाजी नको. भुसावळहून जळगावला रोज अप-डाऊन, गाडीतून उतरून ऑफिसला पोचेपर्यंत अर्धा जीव गेलेला असतो आणि दुपारी दीड वाजता पारा ४४ ला टेकलेला असताना भाजीचं तेल बघूनच भूक पळते. म्हणून म्हटलं मसुराचं सॅलड करू, रविवारी एकदाच शिजवून फ्रीजला टाकायचं आणि सकाळी फक्त कांदा-काकडी चिरून डबा भरायचा. घरात मसूर डाळ होतीच. शिजवली, लिंबू पिळलं, सगळं कालवलं, स्वतःवर खूश होऊन निघाले. दुपारी डबा उघडला तर आत पिवळट लगदा आणि त्यात काकडीचे तुकडे पोहतायत. शेजारी बसणारी धुळ्याकडची ताई डोकावली, म्हणाली "हाई ते वरन शे!" (हे तर वरण आहे!) आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या झाकणात ठेवली. मग काय, सॅलड भाकरीसोबत कुस्करून खाल्लं.

तेव्हापासून ज्याला त्याला सांगत सुटलेय की मसूर आणि मसूर डाळ या सॅलडच्या बाबतीत दोन वेगळ्या वस्तू आहेत. धान्य एकच आहे बरं का, एकाच झाडाच्या शेंगेतलं. अख्खा मसूर म्हणजे तो बारीक, चपटा, तपकिरी-काळपट दाणा, साल अंगावर असलेला. त्याचीच साल काढून दोन फाका केल्या की ती केशरी मसूर डाळ. विश्वास बसत नसेल तर अख्खा मसूर तासभर भिजवा आणि एक दाणा बोटात धरून चोळा, साल सुटून आतून तोच केशरी रंग बाहेर येतो.

गोंधळ होतो तो बोलण्यामुळे. आमच्याकडे किराण्यात जाऊन "पावशेर मसूर द्या" म्हटलं की दहातल्या आठ वेळा डाळच हातात पडते, कारण आपल्या खान्देशात मसूर खाल्ला जातो तोच मुळात डाळीच्या रूपात, कधीतरी वरणाला, नाहीतर चार डाळी एकत्र करतो त्यात मूठभर. आपला जीव खरा तुरीत, उडदात आणि मठात (म्हणजे मटकीत). अख्खा मसूर कांदा-लसणाच्या मसाल्यात परतून खायची आवड ती सांगली-कराडकडच्या ढाब्यांची. त्यामुळे दुकानात "अख्खा, सालीचा" असं तोंडाने स्पष्ट म्हणायचं. त्यात अजून एक मेख आहे, मलका. मलका म्हणजे साल काढलेला पण न फोडलेला मसूर, गोल, गुळगुळीत, केशरी. दिसायला अख्खा, म्हणून मी एकदा तोपण आणून बघितला, आणि तोही तसाच लगदा झाला, फक्त पाचएक मिनिटं उशिराने. म्हणजे दाणा अख्खा आहे की फुटका यापेक्षा साल आहे की नाही हे बघायचं.

का, ते सांगते. दाण्याच्या आतल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे, जॅम घट्ट होतो तो पण याच पेक्टिनने. दाणा शिजतो म्हणजे हे पेक्टिन गरम पाण्यात विरघळतं आणि पेशी सुट्या होतात. साल असली की आतलं सगळं मऊ झालं तरी बाहेरची पिशवी शाबूत राहते, दाणा दाताखाली येतो आणि मग विरघळतो. डाळीला पिशवीच नाही. तिच्या पेशी सुट्या झाल्या की थेट पाण्यात पसरतात, आतला स्टार्च पाण्यात उतरतो आणि वरणाला तो छान मिळून आलेला दाटपणा येतो. म्हणजे डाळीची काही चूक नाही, ती आपलं काम चोख करते, आपणच तिला नको त्या कामाला लावतो. जळगावात एवढ्या दाल मिल आहेत, तिथे ही साल काढण्यासाठीच सगळी यंत्रं फिरतात आणि निघालेली साल-चुनी जाते ढोरांच्या खुराकात. माझ्या सॅलडला जे हवं होतं ते म्हशीच्या घमेल्यात गेलेलं.

खाण्याच्या बाजूने बघितलं तर प्रोटीनमध्ये दोघांत फार फरक नाही, कोरड्या १०० ग्रॅमला साधारण २२ ते २४ ग्रॅम, उलट डाळीत किंचित जास्तच भरतं कारण सालीचं वजन गेलेलं असतं. फरक आहे तो फायबरचा. सालीसकट १०० ग्रॅममध्ये सोळा-सतरा ग्रॅम, डाळीत दहाच्या आसपास. डब्यानंतर चार वाजेपर्यंत काही खावंसं वाटत नाही त्यात या फायबरचा मोठा हात आहे. लोह दोघांतही बऱ्यापैकी असतं पण वनस्पतीतलं लोह अंगाला कमी लागतं, लिंबातल्या व्हिटॅमिन सी मुळे ते जरा बरं लागतं. आणि डबा संपल्या-संपल्या चहा घेतला की चहातलं टॅनिन त्याला आडवं येतं. आमच्या ऑफिसात चहा बरोबर दोन वाजता येतो, हे मी कोणाला सांगायला गेलेले नाही, नाहीतर माझंच सॅलड बंद पडेल.

खर्च विचाराल तर आमच्याकडे दोन्ही किलोला शंभराच्या आगेमागे मिळतात. एका डब्याला ५० ग्रॅम कोरडा मसूर पुरतो, म्हणजे पाच रुपयांत ११ ग्रॅम प्रोटीन, वर कांदा, काकडी, लिंबू, चमचाभर तेल धरलं तरी डबा वीस रुपयांच्या आत. ऑफिसखाली वाटीभर कापलेली फळं यापेक्षा महाग मिळतात.

आता शिजवायचं कसं, कारण अख्खा मसूर आणला म्हणजे काम झालं असं नाही, तोही फाटतो. मी तीन डब्यांसाठी १५० ग्रॅम घेते. निवडून, धुऊन, तास-दीड तास भिजवते, पाण्यात चिमूट-दोन चिमूट मीठ घालून. मिठाने डाळ शिजत नाही असं आई म्हणते, सगळ्यांच्याच आया म्हणतात, पण भिजवताना घातलेल्या मिठाने साल उलट मऊ पडते आणि शिजताना कमी फाटते. शिजू न देणारं खरं काय असेल तर आंबट, म्हणजे चिंच, टोमॅटो, लिंबू, कैरी. आंबटामुळे ते पेक्टिन विरघळायलाच तयार होत नाही. म्हणून आंबट सगळं नंतर. दुसरा शत्रू म्हणजे आपलं बोअरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि दाणा तासभर उकळला तरी आत टचटचीत राहतो. आमच्या बोअरच्या पाण्यात एकदा चाळीस मिनिटं लागली होती, आता पिण्याच्या फिल्टरचं पाणी घेते तर तोच मसूर पंधरा मिनिटांत होतो. लगेच सोडा टाकायला धावू नका, सोड्याने दाणा बाहेरून मेणासारखा होतो आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं. आणि दुकानात दोन उन्हाळे पडून राहिलेला माल असेल तर त्याला काहीच इलाज नाही, तो हट्टीच असतो.

कुकर की पातेलं? पातेलंच. कुकरमध्ये एका शिट्टीत होतो हे खरं, पण गॅस बंद केल्यावर वाफ जाईपर्यंत आत शिजणं चालूच राहतं आणि झाकण उघडल्यावर अर्धा दाणा फुललेला, अर्धा फाटलेला. उघड्या पातेल्यात भरपूर पाणी, एक उकळी आली की गॅस बारीक, नुसतं बुडबुडत राहिलं पाहिजे. बारा मिनिटांनी एक दाणा काढून चावायचा, मग दर दोन मिनिटांनी. आत पिठूळ लागला की अजून थोडा वेळ, चावल्यावर मऊ पण दाब दिल्याशिवाय न फुटणारा लागला की लगेच चाळणीत ओतायचा. न भिजवता टाकला तर वीस-पंचवीस मिनिटं धरा. (निघालेलं पाणी फेकू नका, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन संध्याकाळी भातावर छान लागतं.)

चाळणीतून परातीत पसरवते आणि गरम असतानाच त्यावर चमचाभर शेंगदाण्याचं तेल, मीठ, जिरेपूड आणि एक लिंबू. आता तो शिजलेला आहे त्यामुळे आंबटाची भीती गेली, उलट गरम दाणा चव आत ओढून घेतो, गार झाल्यावर घातलं तर ती नुसती वर बसते. आंबटामुळे सालही जरा आवळून राहते असा माझा अनुभव. मग पंख्याखाली गार करायचा आणि डब्यात भरून फ्रीजला. इथे आळस नको. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास चालतं असं म्हणतात ते थंड गावाचं गणित, हवा ३२ अंशांच्या वर गेली की तासाभरातच आत गेलं पाहिजे, आणि आपल्याकडे मे महिन्यात ३२ तर सकाळीच ओलांडलेलं असतं. फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार. म्हणून आठवड्याचं एकदम करत नाही, रविवारी आणि बुधवारी असं दोनदा करते. रात्री चार-पाच तास लाईट गेली असेल तर दुसऱ्या दिवशी वास घेऊन मनाचं समाधान करत बसायचं नाही, फेकायचं.

कांदा, काकडी, टोमॅटो मात्र आधी मिसळायचे नाहीत. मीठ लागलं की काकडी पाणी सोडते आणि तिसऱ्या दिवशी अख्ख्या मसुराचं सुद्धा सूप होतं. हे सकाळी चिरायचं. आधी घालून चालतं ते म्हणजे किसलेलं गाजर आणि बारीक चिरलेला कोबी. बाकी चवीचा ज्याचा त्याचा मामला. मी भाजलेल्या हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा अर्धा चमचा, शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि कोथिंबीर घालते, थंडीत भरिताच्या दिवसांत घरात कांद्याची पात असतेच, मग तीच. एप्रिल-मेमध्ये लिंबू महाग होतं तेव्हा कैरी किसून. ऑलिव्ह ऑईल नसेल तर सॅलड होत नाही असं व्हिडिओवाले सांगतात, त्यांना एकदा खान्देशातलं घाण्याचं शेंगदाणा तेल पाठवायला पाहिजे.

मोडाचं काय, असं विचारणारे पण भेटतात. मोड फक्त अख्ख्यालाच येतात, डाळ कितीही बांधून ठेवा, येणार नाही, कारण साल काढताना आणि फोडताना अंकुर गेलेला असतो. उन्हाळ्यात रात्रीतून मोड येतात पण तेवढ्याच वेगाने आंबूस वासही येतो, ओल्या उबेत नको ते जंतूही वाढतात, म्हणून मसुराचे मोड कच्चे खायचे नाहीत, पाचेक मिनिटं वाफवायचे. मला विचाराल तर मोडाची उसळ बरी, सॅलडला साधा शिजवलेला. मूग किंवा मठ घेतले तरी हाच हिशोब, सालीसकट घ्या आणि आधी शिजायला घालून वेळ बघून ठेवा, प्रत्येकाचा वेगळा असतो.

आणि समजा घरात डाळच आहे आणि आजच करायचंय, तर जमतं, पण आजचं आजच. अर्धा तास भिजवून उकळत्या पाण्यात टाकायची आणि चौथ्या मिनिटापासून चमचा हातात घेऊन उभं राहायचं. कच्चेपणा गेला पण दाणा अजून धरून आहे असा मिनिटभराचाच काळ असतो, तेव्हाच चाळणीत ओतून वरून गार पाणी. त्या मिनिटात फोन वाजला तर तुमचं नशीब. अशी डाळ दुपारपर्यंत ठीक लागते, दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढली की ढेकळं. तेव्हा तीत ज्वारीचं पीठ, कांदा, तिखट घालून थालीपीठ थापायचं, ते मात्र फार खुसखुशीत होतं. धुळ्याकडच्या ताईला तेच जास्त आवडतं, सॅलडच्या दिवशी ती अजूनही अर्धी भाकर माझ्यासाठी जास्तीची आणते, न जाणो म्हणून.