उबंटू २०.०४ वापरताय? नवी आवृत्ती टाकण्याआधी हे वाचा

आपल्या भागातल्या कितीतरी डाळमिलच्या, जिनिंगच्या आणि केळीच्या व्यापाऱ्यांच्या ऑफिसात आम्हीच उबंटू २०.०४ ही लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. ही एप्रिल २०२० ची आवृत्ती. तिचा पाच वर्षांचा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, २०२५ मध्ये संपला. मशीन उद्या बंद पडणार नाही. पण बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर होत असतील तर चालढकल नको.

आहे त्यावरच नवी आवृत्ती चढवता येते, मात्र थेट उडी मारता येत नाही. आधी २२.०४, मग २४.०४. म्हणजे दोनदा मोठं डाउनलोड आणि दोनदा वीज जाण्याची धास्ती. पारोळ्याकडून एकदा भर कामात फोन आला, “भाऊ, स्क्रीन काळी व्हई गई, आते काय करानं?” इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखा होता, कॉम्प्युटर नव्हता! शिवाय बाहेरच्या रेपॉझिटरी, म्हणजे उबंटूच्या स्वतःच्या नसलेल्या सॉफ्टवेअर घेण्याच्या जागा, अपग्रेडच्या वेळी बंद होतात. प्रिंटरचा ड्रायव्हर तिथून घेतलेला असेल तर बिलं अडकू शकतात.

म्हणून धंद्याच्या मशीनला आम्ही दुसरी वाट सुचवतो: नवी एसएसडी बसवून तिच्यावर २४.०४ कोरी टाकायची, फाइली उतरवून घ्यायच्या आणि जुनी डिस्क महिनाभर कपाटात ठेवायची. काही अडलं तर जुनी परत लावली की काम सुरू. डिस्कचा खर्च येतो, ते लपवत नाही. घरच्या लॅपटॉपला एवढं करायची गरज नाही. चार्जर लावून, बॅकअप घेऊन सावकाश अपग्रेड करा.

बॅकअपबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. ‘टाइमशिफ्ट’ या प्रोग्रॅमने स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला म्हणजे सगळं वाचलं असं लोक धरून चालतात. तो सिस्टिम जपतो. होम फोल्डर त्याच्या मूळ सेटिंगमध्ये धरलेलाच नसतो, आणि तुमची बिलं असतात नेमकी तिथेच. ती वेगळ्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपला आम्ही बॅकअप म्हणत नाही.

काही टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून २४.०४ नुसती चालवून बघता येते. वाय-फाय, प्रिंटर, मराठी कीबोर्ड तिथेच तपासू. ३२ बिटच्या जुन्या मशीनवर मात्र ती चालणार नाही.

कापसाच्या हंगामात आणि मार्चअखेरीस आम्ही हे काम घेत नाही. येताना प्रिंटरचं मॉडेल आणि वाय-फायचा पासवर्ड लिहून आणा; दर वेळी तोच राहून जातो.