पांढरा साप म्हणजे अल्बिनो? नाही!

पांढराशुभ्र साप दिसला की तो अल्बिनो, असं सर्रास लिहिलं जातं. सस्तन प्राण्यांत हा नियम बराचसा चालतो, कारण त्यांचा रंग मुख्यतः मेलॅनिन या काळ्या-तपकिरी रंगद्रव्यावर अवलंबून असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्वचेत मात्र पिवळ्या-लाल रंगद्रव्यांच्या पेशी वेगळ्या असतात, आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशीही. अल्बिनिझममध्ये, म्हणजे अल्बिनो असण्यात, जातं ते फक्त मेलॅनिन. म्हणून अल्बिनो बर्मी अजगर पांढरा नव्हे, तर पांढऱ्यावर पिवळेधमक पट्टे मिरवणारा असतो. नक्षी शाबूत, फक्त तपकिरी-काळा रंग गायब!

अल्बिनो ओळखायचा तर आधी डोळे पाहा. बाहुली लाल किंवा गुलाबी दिसते, कारण आतल्या रक्तवाहिन्या झाकायला मेलॅनिन नसतं. फ्लॅशच्या फोटोवर विसंबू नका, त्यात साध्या सापाचेही डोळे लाल येऊ शकतात, दिवसाउजेडीच बघा. एरवी काळी असणारी जीभही गुलाबी असते. टाकलेली कात उजेडाकडे धरा: साध्या सापाच्या कातीवर नक्षीची फिकट तपकिरी छाया उरते, अल्बिनोच्या कातीवर ती नसते.

अंग एकसारखं पांढरं, नक्षी नाही, पण डोळे काळे किंवा निळे? तो ल्युसिस्टिक, म्हणजे त्वचेतले सगळेच रंग हरवलेला, अल्बिनो नव्हे. कात टाकण्याआधीही साप फिकट दिसतो, डोळे दुधाळ होतात. ते काही दिवसांपुरतंच.

विषारी जातीतला अल्बिनो तितकाच विषारी असतो. तपासणी लांबूनच करा.