जाड बांबू नको, जाड भिंतीचा बांबू शोधा

बांबूत कोरीव काम करायचं मनात आलं की बहुतेक लोक बुरुडाकडे जाऊन पहिला प्रश्न हाच विचारतात, "काका, तुमच्याकडचा सगळ्यात जाडा बांबू दाखवा ना." काका मंडप-परांचीवाला लांबलचक गोल बांबू काढून देतात, आपण खूश होऊन घरी आणतो, आणि करवत चालवल्यावर कळतं की बाहेरून भला थोरला दिसणारा हा गडी आतून पोकळ आहे, भिंत जेमतेम सेंटिमीटरभर, तीसुद्धा वर जाईल तशी कमी होत जाणारी. चार इंच डायमीटर आणि भिंत आठ मिलिमीटर, अशा बांबूत फुलदाणी, पेनस्टँड होईल, पण खोल कोरीव काम किंवा मूर्तीबिर्ती नाही होणार. घेर आणि भिंतीची जाडी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि कार्व्हिंगवाल्याला दुसरी हवी असते.

हे असं का, ते समजायला बांबू वाढतो कसा ते बघावं लागेल. बांबू हे गवत आहे हे शाळेत शिकलेलं असतं, पण त्याचा अर्थ काय ते कुणी नीट सांगत नाही. आंबा, साग अशा झाडांत सालीच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो, तो दरवर्षी नवीन लाकूड तयार करतो म्हणून खोड जाड होत जातं. बांबूत हा थरच नाही. पावसाळ्यात जमिनीतून कोंब वर येतो तो त्याच्या आयुष्यभराचा घेर घेऊनच येतो, मग दोन ते चार महिन्यांत भराभर पूर्ण उंची गाठतो आणि तिथे वाढ संपली. त्यानंतर तो ना उंच होतो ना जाड. त्यामुळे "हा बारीक आहे, दोन वर्षं ठेवू, भरेल" हे बांबूच्या बाबतीत कधीच होत नाही. भरतं ते बेट, म्हणजे एकाच मुळापासून उगवलेला काठ्यांचा झुबका. बेट तरुण असताना बारीक काठ्या येतात, कंद दरवर्षी जमिनीखाली पसरत आणि पोसत जातो तसे पुढच्या वर्षीचे कोंब आधीपेक्षा जाड निघतात. म्हणजे घेर हवा असेल तर जुनं, मुरलेलं बेट शोधायचं.

पण भिंत हवी असेल तर? इथे मजा आहे. विदर्भात, मेळघाटात, गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात जो बांबू सर्रास दिसतो तो मानवेल, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. याच मानवेलाला ओलसर, सुपीक जागा मिळाली की काठी उंच होते, घेर वाढतो आणि आत पोकळी पडते. कोरड्या, मुरमाड टेकाडावर वाढला की काठी बुटकी, घेर कमी, पण आतून जवळजवळ भरीव! लाठ्या करणारे लोक हाच कोरड्या जागेचा भरीव बांबू शोधतात. म्हणजे जात एकच, पण टेकडीवरचा वेगळा आणि नाल्याकाठचा वेगळा. त्यामुळे बांबू कुठल्या गावचा हे विचारण्यापेक्षा कुठल्या जमिनीतला हे विचारलेलं बरं, आणि तोडणाऱ्या माणसाला ते बरोब्बर माहीत असतं.

कोकणात याच कामाला माणगा आहे, काही भागात त्याला मेस म्हणतात, डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर, घरामागे याची बेटं असतात. काटे नाहीत, काठी सरळ, खालचा भाग भरीव किंवा अगदी बारीक भोकाचा. घेर मात्र बेताचा, साधारण अडीच ते सहा सेंटिमीटर. बागायतदार आधाराच्या काठ्या म्हणून नेतात, फर्निचरवाले नेतात, आणि माझ्या मते हातात मावेल अशा कोरीव वस्तूंसाठी, म्हणजे चमचे, मुठी, काठीच्या टोकावरचे पक्षी, छोट्या मूर्ती, याच्यासारखा बांबू महाराष्ट्रात दुसरा नाही. सह्याद्रीत चिवा पण मिळतो, तोही बराचसा भरीव, पण फारच बारीक, त्यामुळे बारक्या कामापुरताच.

मोठा घेर आणि जाड भिंत दोन्ही पाहिजे असेल तर मग काटस किंवा कळक, म्हणजे बांबूसा बांबोस, तो काटेरी. बुंध्याकडची भिंत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत सापडते, पण बेटात शिरून तो काढणं म्हणजे अंगावर ओरखडे ठरलेलेच, म्हणून लोक शक्यतो त्याच्या वाटेला जात नाहीत. ईशान्येकडून आलेला बाल्कुआ आता आपल्याकडे शेतात लावतात, त्याचीही बुंध्याकडची भिंत दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. बागेत शोभेला लावतात तो हिरव्या पट्ट्यांचा पिवळा बांबू दिसायला झकास, भिंतही बरी, पण त्यात पिष्ट (स्टार्च) जास्त असल्याने किडा त्याच्यावर तुटून पडतो आणि वाळल्यावर तो रंगही राहत नाही. मी तरी त्याच्या नादी लागू नका असंच म्हणेन.

जात कुठलीही असो, एकाच काठीत सगळ्यात जाड भिंत तळाला असते. पेरंही तिथे जवळजवळ असतात, कांडी आखूड, आणि वर जावं तशी कांडी लांबत जाते, भिंत पातळ होते. बासरीवाल्याला लांब कांडं आणि पातळ भिंत हवी म्हणून तो वरचं बघतो, आपल्याला खालचे तीन-चार फूट हवेत. गंमत अशी की इतर गिऱ्हाइकांना हा वाकडातिकडा बुंधा नकोच असतो, त्यांना सरळ काठी पाहिजे, त्यामुळे बुरुडाकडे किंवा फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये बुंध्याचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात आणि नीट विचारलं तर स्वस्तात मिळतात.

आता भिंतीच्या आत काय आहे ते बघू, कारण पटाशी तिथेच अडते. बांबूची भिंत आडवी कापून भिंगाखाली धरली की फिकट भागात विखुरलेले काळपट ठिपके दिसतात. ठिपके म्हणजे रस वाहणाऱ्या नळ्या आणि त्यांच्याभोवतीचे चिवट तंतू, फिकट भाग म्हणजे अन्न साठवणाऱ्या मऊ पेशी. ढोबळ हिशेब असा की निम्म्या मऊ पेशी, चाळीस टक्के तंतू आणि दहा टक्के नळ्या. पण ही वाटणी सगळीकडे सारखी नाही. बाहेरच्या बाजूला ठिपके बारीक आणि दाटीने, आतल्या बाजूला मोठे आणि विरळ. स्लॅबमध्ये जिथे ताण जास्त तिथे सळ्या जास्त टाकतात ना, तसंच हे, वाऱ्याने काठी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेवर येतो आणि तंतूही तिथेच जास्त. कोरताना हे हाताला कळतं. बाहेरून सुरुवात केली की पहिले काही मिलिमीटर दगडासारखे लागतात आणि आत गेल्यावर पटाशी एकदम मऊ भागात घुसते, तिथे बारीक डिटेल टिकत नाही, रेषा भुसभुशीत होतात. म्हणून नाक, डोळे, अक्षरं असलं नाजूक काम बाहेरच्या थरात ठेवायचं आणि आतला भाग नुसता आकाराला वापरायचा.

याचा सगळ्यात हुशार वापर चिन्यांनी केला. शांघायजवळच्या जियादिंगला सोळाव्या शतकात, मिंग राजवटीत, बांबू कोरण्याची एक अख्खी परंपरा सुरू झाली, कुंचले ठेवायच्या नळ्या, मनगट टेकवायच्या पट्ट्या असल्या वस्तू तिथे केल्या जायच्या. चिनी कारागिरांची एक पद्धत अशी आहे की वरची हिरवी साल चित्रापुरती ठेवायची आणि बाकीची तासून काढायची. वर्षं गेली की साल फिकट राहते आणि खालचा भाग तांबूस-तपकिरी होत जातो, म्हणजे चित्र आपोआप उठून दिसायला लागतं. रंग नाही, काही नाही, फक्त दोन थर वेगवेगळ्या तऱ्हेने जुने होतात एवढंच.

सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूत असते तीच, आणि वर मेणाचा थर. सिलिकेमुळे हत्याराची धार पटकन जाते, मेणामुळे फेव्हिकॉल आणि पॉलिश धरत नाही. साल ठेवायची नसेल तर ती आधी तासून टाका आणि मग कोरा, नाहीतर दर दहा मिनिटांनी पटाशी दगडावर घासत बसाल. करवत बारीक दातांची घ्या, कापायच्या जागी टेप गुंडाळा म्हणजे चिपट्या निघत नाहीत. आणि पेरापाशी सांभाळून, कारण कांड्यात सगळे तंतू सरळ उभे असतात पण पेरात ते वळतात, एकमेकांत गुंततात, त्यामुळे तिथे पटाशी कुठे पळेल सांगता येत नाही.

जात मिळाली, बुंधा मिळाला, तरी वय चुकलं तर सगळं वाया. कोंबाने उंची गाठली की वाढ थांबते, पण आतलं काम तेव्हा सुरू होतं. तंतूंच्या भिंती जाड होत जातात, लिग्निन नावाचं कडकपणा देणारं द्रव्य साठतं आणि काठी हळूहळू कडक होते, याला तीनेक वर्षं जातात. एका वर्षाची काठी हिरवीगार, टवटवीत, आणि तीच लोकांना ताजी म्हणून आवडते! ती पाण्याने भरलेली असते, वाळताना आक्रसते, सुरकुतते आणि कोरलेलं सगळं वाकडं होतं. वय ओळखणं तसं सोपं आहे. पेरांवर कोंबाचं वाळकं आवरण अजून चिकटलेलं आणि अंगावर पांढरी पावडर असेल तर पोरगं आहे, हात लावू नका. आवरण गळलंय पण रंग चकचकीत हिरवा, तर अजून थांबा. रंग मळकट झालाय, अंगावर पांढुरके-करडे दगडफुलाचे डाग आलेत, टिचकी मारली की खणखणीत वाजतंय, तर तो घ्या. तीन ते पाच वर्षांचा उत्तम, फार म्हातारा झाला की पुन्हा ताकद उतरते. दुकानात साल घासलेली किंवा वाळलेली काठी असेल तर हे कळणं अवघड, म्हणून शक्य असेल तर बेटातूनच निवडून घ्यावा.

तोडायचा कधी, तर पावसाळा सरल्यावर, थंडीत. बेट पुढच्या कोंबांसाठी काठ्यांमध्ये पिष्ट साठवून ठेवतं आणि पावसात कोंब वाढताना ते खर्च होतं. त्याच पिष्टासाठी बारका भुंगेरा येतो, काठीत बोगदे करतो आणि खाली पिठासारखी पावडर पडायला लागते. उन्हाळ्यात, म्हणजे साठा भरलेला असताना तोडलेला बांबू त्याची मेजवानीच. जुने लोक बांबू ओढ्यात, तळ्यात काही आठवडे बुडवून ठेवायचे, त्यामागे विज्ञान आहे, पाण्यात साखर-पिष्ट विरघळतं, कुजतं, आणि किड्याला खायला उरत नाही. वास मात्र असा सुटतो की शेजारी विचारायला येतील. हल्ली बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाच-सहा टक्क्यांच्या पाण्यात भिजवतात. बांबूत औषध आडवं शिरत नाही, कारण नळ्या सगळ्या उभ्या आणि साल वॉटरप्रूफ, म्हणून ते दोन्ही टोकांकडूनच आत जाऊ शकतं, आणि यासाठीच पेरांमधले पडदे लांब सळईने फोडून घेतात. खाण्यापिण्याच्या वस्तू करणार असाल तर मात्र हे औषध नको, उकळून नीट वाळवा.

राहिलं वाळवणं, आणि खरी वाट इथेच लागते. भिंत जितकी जाड तितका तडकण्याचा धोका जास्त, म्हणजे आपण जे शोधत होतो तेच आपल्याला नडतं. बाहेरचा दाट थर आणि आतला मऊ थर सारखे आक्रसत नाहीत, त्यात आडवे बांधून ठेवणारे तंतू नाहीत, त्यामुळे ताण वाढला की उभी चीर पडते. उपाय एकच, घाई नाही. सावलीत, हवा खेळती ठेवून, उभा किंवा जमिनीपासून उचलून, काही महिने. टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल फासा म्हणजे तिथून पाणी झपाट्याने उडणार नाही, पण औषध द्यायचं असेल तर ते आधी. जाड तुकडा उभा दोन भाग करून वाळवला तर तडकणं पुष्कळ कमी होतं, अर्थात अख्खा गोल नको असेल तरच. आणि मालवणात वाळवलेली वस्तू नागपूरला पाठवणार असाल तर लक्षात असू द्या, किनाऱ्यावरच्या हवेत जे वाळलेलं वाटतं ते मे महिन्यातल्या नागपुरात आणखी वाळतं, आणि मग कपाटात ठेवलेली मूर्ती रात्री खाडकन वाजते.

मिळायची ठिकाणं म्हणाल तर पुण्यात बुरुड आळी, इतर शहरांत बांबू गल्ली असतेच. सिंधुदुर्गात थेट शेतकऱ्याकडे जा, कुडाळला बांबूवर काम करणारी कोनबॅक संस्था आहे, तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र. खाजगी जमिनीतला बांबू तोडण्या-नेण्याच्या परवानगीची भानगड वन कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर बरीच सुटली, जंगलाबाहेरचा बांबू आता कायद्याने 'झाड' राहिलेला नाही. जंगलातला मात्र परस्पर तोडायचा नाही. गडचिरोलीत काही ग्रामसभांना वनहक्क कायद्याने बांबू विकायचा अधिकार आहे, मेंढा-लेखा गावाला तो 2011 मध्ये मिळाला, तिकडून रीतसर घेता येतो. फोनवर ऑर्डर देताना घेर सांगू नका, "बुंध्याचा, तीन वर्षांवरचा, कोरड्या जागेचा, भिंत इतके मिलिमीटर" असं सांगा आणि कापलेल्या टोकाचा फोटो मागवा, शेजारी पट्टी ठेवून.